कमरेला नाणी, पोटाला पिशवी

माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला एक पिशवी चिकटवलेली असते. शी तिच्यात होते.

हे वाक्य मुद्दाम सगळ्यात आधी लिहून टाकलं. आमच्या घरात ते अजून कुणी तोंडानं उच्चारलेलं नाही. नवरा म्हणतो, "तिचा तो प्रॉब्लेम." जाऊ म्हणते, "ताईंचं ते." मुलगी पुण्यात नोकरी करते, ती म्हणते, "आईची कंडिशन." मी शाळेत गणित शिकवते. काय मानलंय ते स्पष्ट लिहिल्याशिवाय आमच्याकडे पुढची पायरी मांडता येत नाही.

ऑपरेशननंतर नुकतीच पिशवी बसलेली, आत्ता बाथरूमची कडी लावून आत बसलेली कुणी बाई हे वाचत असेल (पुरुषही असेल, त्यांनाही बसते), तर हे तिच्यासाठी आहे. धीर मिळेलच असं नाही. मला कुणी "फायटर" म्हटलं की मी तिथून उठते. मी लढले-बिढले नाही. मला कापलं, शिवलं, औषधं चढवली आणि घरी पाठवलं. त्यानंतर जे झालं त्यात एक बेली डान्सचा क्लास आहे, आणि माझ्या एकुलत्या एका मुलीच्या कन्यादानाला मी पाटावर बसायचं की माझ्या जावेनं, यावरून झालेलं भांडण आहे. खरं सांगते, कॅन्सरपेक्षा ते भांडण जास्त झोंबलं.

पेशंटला बाहेर बसू द्या

माझे वडील इगतपुरीला रेल्वेत गँगमन होते. घाटातल्या पावसात घोंगडं पांघरून रूळ तपासत फिरायचे. त्यांच्या आधीच्या सात पिढ्यांत कुणी कॉलेजचं फाटक पाहिलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. झाले तेव्हा त्यांनी माझा पदवीचा झगा घातलेला फोटो देवांच्या शेजारी टांगला आणि आईनं त्यालाही रोज हळदकुंकू वाहिलं. हे सांगते, कारण तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मला हाच फोटो आठवला.

त्याआधी बरेच महिने रक्त जात होतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मूळव्याध म्हणून मलम दिलं. स्टाफरूममध्ये निम्म्या बायकांना मूळव्याध. एकीनं सुरण सांगितला, दुसरीनं ताक, तिसरीनं कुठल्याशा बाबांची पुडी आणून दिली. जागा अशी की कुणाला दाखवायची सोय नाही, आणि आजार असा की सगळ्यांना त्यातलं कळतं. शेवटी वजन उतरलं, साडीचा परकर कमरेवर टिकेना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात गेलो.

डॉक्टरांनी कागद पाहिले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "पेशंटला जरा बाहेर बसू द्या."

मी उठले नाही. "पेशंट बी.एस्सी. आहे," म्हटलं. "पेशंटला सांगा."

मग त्यांनी सांगितलं. कॅन्सर आहे, अगदी खाली आहे. खालची वाट कायमची शिवून टाकावी लागेल आणि आतड्याचं तोंड पोटावर काढून तिथं पिशवी लावावी लागेल. कागदाच्या पाठीमागं त्यांनी आकृती काढली. आकृती बरी होती, मी दहापैकी सात दिले असते.

नवऱ्याचा पहिला प्रश्न, "पिशवी कायमची?"

दुसरा, "बाहेरून दिसते का?"

ही जगेल का, हे कुणीच विचारेना, म्हणून ते मी विचारलं. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी केलेला माणूस. तिथं कसलाही बिघाड झाला की आधी माणसं वाचली का, हे विचारतात म्हणे.

चहा

ऑपरेशन झालं. वॉर्डातल्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांचे सारखेच असतात. पहाटे तापमान, मग झाडू, मग डॉक्टरांचा घोळका, मग शेजारच्या पेशंटचे नातेवाईक, जे आपल्याला केळं देऊन आपल्या आजाराचं नाव विचारतात.

पिशवी बदलायला एक सिस्टर शिकवायची. बुटकी, जाड चष्म्याची, बोलायला फटकळ. तिनं पहिल्यांदा पिशवी पोटाला चिकटवणारी चकती काढली आणि म्हणाली, "बघा."

मी छताकडे बघत होते.

"छतावर नाहीये ते. खाली बघा."

बघितलं. लाल, ओलं, मुडपलेल्या ओठासारखं काहीतरी माझ्या पोटातून बाहेर आलं होतं आणि आपल्या मर्जीनं हलत होतं.

"दुखत नाही त्याला," सिस्टर म्हणाली. "हात लावा. काही लोक त्याचं नाव ठेवतात. तुम्हीपण ठेवा काहीतरी."

"लोक कशालाही नावं ठेवतात," मी म्हटलं.

ती इतकी हसली की शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी झाली. ऑपरेशननंतर मी कुणाला हसवलं ते पहिल्यांदा. पुढं बरेच दिवस तेवढंच पुरवून वापरलं.

एकदा नवरा शेजारी बसलेला असताना चकती सुटली. सगळं चादरीवर. तो उठला आणि म्हणाला, "चहा घेऊन येतो." सिस्टरनं पुसलं, चादर बदलली, मला नवा गाऊन घातला, दोन पेशंटची सलाइन लावून परत येऊन गेली, तरी चहा आला नव्हता. आला तेव्हा गार होता. कुठल्या गावाहून आणला, मी विचारलं नाही.

स्वयंपाकाला चालते

घरी आल्यावर नवऱ्यानं आपला पलंग हॉलमध्ये हलवला. "तुला मोकळं झोपता यावं म्हणून." तो अजून तिथंच आहे.

आमचं घर जेल रोडला. दोन गल्ल्या सोडून धाकटे दीर राहतात. त्यांची बायको सुनंदा, माझी जाऊ, वाईट नाही. केमोच्या दिवसांत तिनं डबे दिले, ते मी विसरणार नाही. पण मी हिंडूफिरू लागले तसं एक दिवस ती देवघरासमोर उभी राहून म्हणाली, "ताई, देवाचं आता राहू द्या. मी येऊन दिवा लावत जाईन. तुमचं ते... सोवळ्यात नाही बसत ना."

"आणि स्वयंपाक?"

"तो काय, तुम्हीच करता की. तुमच्या हाताची चवच वेगळी."

म्हणजे देवाला पिशवी चालत नव्हती, भाकरीला चालत होती.

शाळेत परत गेले. खाली शिवलेलं, त्यामुळं बसणं हेच मोठं काम झालं होतं. खुर्चीवर मऊ उशी, तीही पर्समधून न्यायची म्हणून मोठी पर्स. कंबर लाकडासारखी. आणि पिशवीचा स्वभाव असा, की ती विचारून आवाज करत नाही. आपल्याला दाबता येतं, रोखता येतं, हे जन्मभर गृहीत धरलेलं असतं. ते गेलं. परीक्षेच्या वर्गात, सगळ्या मुली खाली मान घालून लिहीत असताना, माझ्या पोटातून लांबलचक आवाज आला. तिसऱ्या बाकावरची एक फिसकन हसली, आणि मग कुणी हसलं नाही. न हसणं जास्त वाईट होतं. त्यानंतर मी वर्गात खुर्ची ओढायला, डस्टर आपटायला शिकले. मुली म्हणायच्या, मॅडम आजारपणानंतर चिडक्या झाल्यात.

अंघोळ दिवा बंद करून करायची. आरशावर टॉवेल.

जिना

मला सगळे कुर्ते सैल करून घ्यायचे होते. आमच्या शिंप्याच्या दुकानावर एक हॉल आहे. त्या दिवशी तिथं नवा फलक दिसला: बेली डान्स, फक्त महिलांसाठी, शरीराबद्दल आत्मविश्वास मिळवा. शेजारी एका बाईचं चित्र, सपाट पोट, बेंबीत खडा.

मला राग आला. पोट उघडं टाकून आत्मविश्वास मिळतो म्हणे. मी जिना चढले ती भांडायलाच.

वर आठ-दहा बायका लेगिंग्जवर कमरेला नाणी लावलेले रुमाल बांधून उभ्या होत्या. शिकवणारी मुलगी चित्रातल्या बाईसारखी अजिबात नव्हती. चांगली थोराड, पोटाला दोन वळ्या, आणि त्या वळ्या तिनं खुशाल उघड्या टाकलेल्या.

"या ना काकू."

"काकू नाही, मॅडम म्हण. मी शिक्षिका आहे."

"इथं मी आहे," ती म्हणाली. "रुमाल घ्या तिथला."

तिचं नाव शेफाली. मी तिला कोपऱ्यात घेतलं आणि सांगितलं की माझं ऑपरेशन झालंय, पोटाला पिशवी आहे, हे असलं काही मला जमणार नाही, आणि असले फलक लावताना जरा विचार करत जा.

"कसली पिशवी?"

मी कुर्ता वर केला. दवाखान्याबाहेर कुणाला दाखवायची ती पहिली वेळ. कशासाठी दाखवली कोण जाणे. तिनं घाबरावं, अशी इच्छा असावी.

तिनं वाकून पाहिलं. नाक खाजवलं. "गळते का?"

"कधीमधी."

"फरशीच आहे. पुसता येते."

मी खाली आले आणि शिंप्याला सांगितलं की कुर्ते राहू दे सध्या. नंतर डॉक्टरांना विचारलं. ते आधी हसले, मग कागद काढून नीट सांगितलं: पट्टा बांधून करा, पोटाला जोर देऊ नका, आतडं बाहेर ढकललं जाऊ शकतं; कंबर मात्र जरूर हलवा, आखडून गेलीय. हे त्यांनी मला सांगितलं. तुमचं पोट वेगळं, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारा. लाज सोडून विचारा.

पेला

घरी "योगाचा क्लास" म्हणून सांगितलं.

पोट लाटेसारखं फिरवायचे प्रकार माझ्यासाठी बंद होते. बाकीच्या ते करायच्या तेव्हा मी नुसते हात फिरवायची. कमरेनं इंग्रजी आठचा आकडा काढायचा, तो मला इतरांपेक्षा लवकर आला. आलेख काढून काढून जन्म गेलाय. कंबर सुटायला वेळ लागला. आधी नुसती कळ यायची, शिवलेल्या जागी ओढ बसायची, आणि मी जिन्यात मध्येच टेकून मग उरलेला जिना उतरायची. हळूहळू खुर्चीवर उशीशिवाय टेकता यायला लागलं. ही गोष्ट ज्याची जागा शिवलेली नाही त्याला कळणार नाही.

शेफालीची एक पद्धत होती. काठोकाठ पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला हातात द्यायची आणि म्हणायची, आता कंबर हलवा. पाणी सांडलं की पुसायचं आपणच. "खाली काय चाललंय ते वरच्याला कळता कामा नये," ती म्हणायची. "खाली वादळ, वर देवघर." मी पहिल्या दिवशी अर्धी फरशी पुसली.

आणि नाणी. एवढ्या बायका एकदम हलल्या की जो खणखणाट व्हायचा, त्यात दुसरं काही ऐकू यायचं नाही. एका संध्याकाळी पिशवीनं मोठ्यांदा आवाज केला आणि शेजारच्या बाईची मान वळली नाही. मी खुर्ची ओढली नाही, खोकले नाही. अख्ख्या नाशकात माझं पोट जिथं बोललं तरी चालत होतं, अशी ती एकच खोली.

आता ज्याच्यासाठी लोक हे वाचतात ते. शरीरावर प्रेम जडलं का? नाही. शेफाली आरशासमोर उभं करून स्वतःला "आय लव्ह यू" म्हणायला लावायची. मी म्हटलं, "मी नवऱ्याला कधी म्हटलं नाही, पोटाला काय म्हणू?" सगळ्या हसल्या. माझं आणि या शरीराचं आता घरमालक आणि जुन्या भाडेकरूसारखं आहे. बोलणं आहे, प्रेम नाही, आणि दोघांनाही दुसरीकडे जागा मिळणार नाही. काही दिवस घरी येऊन रडलेही. पण झोप लागायला लागली. आरशावरचा टॉवेल एक दिवस धुवायला काढला तो परत लावायचा राहिला. एवढंच झालं. एवढंही आधी नव्हतं.

कुठली साडी

मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, घर मनमाडचं. नवऱ्यानं व्याह्यांना सांगून टाकलं होतं की हिचं मध्यंतरी "साधं पोटाचं ऑपरेशन" झालं. मी गप्प बसले. मुलीचं लग्न आहे, म्हटलं, चार दिवस साधं तर साधं.

मग एका दुपारी सुनंदा दोन साड्या घेऊन आली. पलंगावर पसरल्या.

"ताई, तुमची नजर चांगली. सांगा, कन्यादानाला ही नेसू की ती?"

मला आधी कळलंच नाही. "कुणाच्या कन्यादानाला?"

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे भाऊजी बोलले नाहीत? आम्ही दोघं बसणार ना पाटावर. तुमचं हे असं, तेवढा वेळ खाली बसायचं, उपाशी, सोवळ्यात... आणि गुरुजीच नको म्हणाले म्हणे." मग जरा धीर येऊन, "तसं नाचायला जाता म्हणे तुम्ही हल्ली, शिंप्याच्या वरती. माझ्या भाचीनं पाहिलं. पण पाटावर बसणं वेगळं ना ताई. तिथं चार माणसं असतात."

मी तिला म्हटलं, "ती जांभळी नेस. तुला उठून दिसेल." आणि चहा टाकायला आत गेले. दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

रात्री ऋतुजाला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, बाबा म्हणाले तूच नको म्हणतेयस. मला काय, तू कम्फर्टेबल नसशील तर काका-काकू बसतील. तुझ्या कम्फर्टचा प्रश्न आहे."

"आणि तुझ्या?"

"आई, प्लीज."

मला कुणीच नको म्हटलं नव्हतं, हे लक्षात घ्या. नवरा जावेला सांगत होता गुरुजी नको म्हणतात, लेकीला सांगत होता आईच नको म्हणतेय. सगळे माझ्या सोयीसाठी मला उठवत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेतली आणि पंचवटीत गुरुजींकडे गेले. आमच्या घरातली दोन लग्नं त्यांनीच लावलेली. त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पहिल्या वाक्यापासून, जसं इथं लिहिलं तसं. ते पान लावत होते, ते अर्धवट राहिलं.

"मला कुणी विचारलंच नाही हे," ते म्हणाले.

"मी विचारतेय."

"बाई, पोटात सगळ्यांच्याच असतं ते. आम्ही काय कापूर भरून बसतो का? तुमचं बाहेर आहे, एवढाच फरक. सकाळी स्वच्छ करा, नवी लावा, या. आई असताना काकू कशाला?"

आणि आवाज आला म्हणजे

नवरा टीव्ही बघत होता. मी टीव्ही बंद केला.

"गुरुजींकडे जाऊन आले."

त्यानं रिमोट हातातल्या हातात फिरवला. "कशाला गेलीस?"

"त्यांनी नको म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत."

"तुझ्यासाठीच. तुलाच लाज वाटेल, म्हणून."

"मला काय वाटायचं ते मला वाटू द्या."

"आणि तो काय प्रकार? नाच? या वयात? मला बाहेरून कळतं. लोक विचारतात, वहिनी तमाशात लागल्या का."

"त्या नाचामुळं मांडी घालून बसता येतं मला. बघायचंय?" आणि मी बसले, तिथंच हॉलमध्ये, त्याच्या पलंगासमोर, फरशीवर, नुसत्या फरशीवर. त्यानं पाहिलं आणि नजर वळवली. मग तो अगदी हळू म्हणाला, आणि खरं होतं ते एकदाचं म्हणाला:

"आणि आवाज आला म्हणजे? सगळ्यांसमोर?"

"आला तर आला," मी म्हटलं. "पोरगी माझ्या पोटातून आली तेव्हाही आवाज झालाच होता."

धार

लग्नाच्या आदल्या दिवशी नुसता मऊभात खाल्ला. पहाटे उठून नवी चकती कापली, लावली, वर पट्टा, वर शालू. निऱ्यांखाली डाव्या बाजूला फुगवटा दिसत होता. दिसू दे म्हटलं.

ज्यांनी लग्नं पाहिली आहेत त्यांना माहीत आहे, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या की हॉल जेवणाकडे पळतो. वाजंत्रीवालेही पळतात. कन्यादानाला उरतात ती मोजकी माणसं, आणि हॉलमध्ये एकदम शांतता होते. मी त्या शांततेलाच भीत होते.

पाटावर घडी घालून घोंगडी ठेवली होती. शेजारी नवरा, समोर ऋतुजा आणि जावई, पलीकडे व्याही-विहीण. माझ्या पाठीशी सुनंदा उभी, जांभळ्या साडीत. "लागलं तर मी आहेच ताई," तिनं कानात सांगितलं.

खाली काशाचं भांडं. त्यावर मुलीची ओंजळ, तिच्यावर जावयाची, वर बापाची. आणि आईनं झारीतून पाणी सोडायचं, ते तिन्ही ओंजळींतून खाली उतरायचं. "बारीक सोडा," गुरुजी म्हणाले. "मंत्र संपेपर्यंत धार तुटू देऊ नका."

मी झारी तिरकी केली. पाणी सुरू झालं. गुरुजींनी श्वास घ्यायला मंत्र थांबवला, आणि नेमकं तेव्हाच पोट बोललं.

साधंसुधं नाही. लांब, चढत गेलेलं, शेवटी गुरगुरलेलं. हॉलमध्ये नाणी नव्हती.

नवऱ्याची ओंजळ हलली. पाणी कडेनं सांडलं. तो मोठ्यांदा खोकला, एकदा, दोनदा, आणि त्यानं मान पलीकडे वळवली. माझ्या मनगटापाशी बांगड्या वाजल्या. सुनंदाचा हात होता. "ताई, द्या. द्या इकडे झारी."

मी दिली नाही. खाली वादळ होतं. वर माझा हात होता तिथं होता, आणि धार सुतासारखी सरळ पडत होती. गुरुजींनी मंत्र पुढं सुरू केला, आधीपेक्षा वरच्या आवाजात. ऋतुजानं डोळे उचलून माझ्याकडे पाहिलं आणि परत खाली वळवले. तिला लाज वाटली, की रडू आलं, की हसू, मला माहीत नाही. ती आता मनमाडची झाली. विचारलं तर "आई, प्लीज" म्हणेल. विहीणबाई नथ सावरत होत्या.

मंत्र संपेपर्यंत धार तुटली नाही.

घरी आल्यावर नवरा बूट काढत म्हणाला, "बरं झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही."

"तुमच्या आलं," मी म्हटलं.

तो खोकला माझ्यासाठी होता, की स्वतःसाठी, हे मी पुष्कळ दिवस मनाशी घोळवत होते. फोटोवाल्याचा फोन आला आणि घोळवायचं कारण राहिलं नाही.

"काकू, अल्बम तयार होतोय. कन्यादानाचा फोटो झकास आलाय. फक्त काकांनी सांगितलं होतं, तुमचं पोट डाव्या बाजूनं जरा सपाट करा म्हणून. करून टाकू ना?"

"काकांना स्वतःचं करायचं असेल तर करा," मी म्हटलं. "त्यांचंही सुटलंय. माझ्याला हात लावू नका."

मग त्याला तोच फोटो मोठा करून, फ्रेम करून पाठवायला सांगितला. चांगला आलाय, तो खोटं बोलला नाही. पाण्याची धार दिसते, सरळ. मान वळवलेला नवरा दिसतो. शालूच्या निऱ्यांखालचा फुगवटा दिसतो, कुणीही विचारावं इतका.

फ्रेम मी हॉलमध्ये लावली आहे, त्याच्या पलंगाच्या बरोबर समोर. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसतं.